अकोटच्या गंजीचा ताप

अकोट, ६ नोव्हेंबर २०२५

स्वराली,

सप्रेम नमस्कार. पाकीट घ्यायले पोस्टात गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणे, कोर्टाचं काम आहे का. मी म्हटलं, नाही, प्रेमाचं आहे. मागे रांगेतल्या बाया हासल्या. हे सगळं तुझ्यामुळे.

हाव, चूक माझी होती. तू फोन चार्जिंगले लावून आईसंग बाजारात गेली, अन् तेवढ्यात मी 'जेवली का' पासून सुरू केलं. मग 'कावून बोलत नाही', मग 'समजलं, अकोल्याचं स्थळ पसंत पडलं', मग 'आपलं संपलं', अन् शेवटी 'माफ कर'. तू घरी येईपर्यंत आपलं भांडण होऊन मिटलंही होतं, तुले पत्ता नाही. पण त्यापायी नंबर ब्लॉक करायचा का? अन् वरून अट. कापसाचा हंगाम संपेपर्यंत फोन नाही, पत्र लिही. हंगामभर एका नोकरीत टिकून दाखव, तरच बाबांपुढे तुझं नाव काढीन. कॉलेजात सर 'बाहेर जा' म्हणाले अन् मी तिसऱ्या वर्षातून गेलो तो परत आलोच नाही, हे तू अजून विसरली नाहीस.

तर ऐक. नोकरी लागली. अकोट-अंजनगाव रोडवर किसनरावभाऊची जिनिंग फॅक्टरी आहे, तिथं. मागच्या साली त्यांची कापसाची एक गंजी, म्हणजे अंगणातला मोठा ढीग, पेटली होती. कापसात ओल राहिली अन् दाबून ढीग घातला की तो आतल्या आत तापते. बाहेरून पांढराशुभ्र दिसते, अन् धूर दिसला तोवर उशीर झालेला असते. म्हणून भाऊनं एका कंपनीकडून सेन्सर घेतले. लांब लोखंडी काठ्या आहेत, टोकाले ताप मोजणारा सेन्सर, डोक्यावर बॅटरी. काठी गंजीत खुपसायची. ती वायरलेसनं ऑफिसातल्या पेटीले आकडा सांगते, पेटी इंटरनेटवरून हैदराबादच्या सर्व्हरले सांगते, सर्व्हर विचार करते अन् मले फोनवर सांगते. मी गंजीपासून गोटा मारला तर लागेल इतक्या जवळ बसलेला असतो.

अर्ध्या काठ्यांचा आवाजच येत नाही. कंपनीच्या माणसाले फोन केला. भडकलो नाही. फक्त बोललो.

तुझाच,
कुलदीप


अमरावती, १४ नोव्हेंबर २०२५

कुलदीप,

पोस्टात 'प्रेमाचं आहे' सांगितलंस त्या अकोटमध्ये माझी रमाआत्या राहते. रांगेत हसणाऱ्यांत ती होती की नव्हती हे अजून कळलेलं नाही. बाबा रोज कोर्टातून आले की मी त्यांचा चेहरा बघते.

कंपनीच्या माणसाला काय बोललास ते लिहिलं नाहीस, म्हणजे बोललास. पुढच्या वेळी बोलायच्या आधी मला एवढं सांग की पेटी ठेवली कुठे आहे? आमच्या एम.टेक.च्या लॅबमध्ये निम्मा वेळ यातच जातो. सेन्सर चांगला असतो, पेटी चांगली असते, आणि मधे कोणीतरी फ्रिज आणून ठेवलेला असतो.

अकोल्याच्या स्थळाचं तू मेसेजमध्ये परस्पर ठरवून टाकलंस, म्हणून खरं काय ते लिहिते. मुलाचं नाव यशोधन, नोकरी पुण्यात. संक्रांतीनंतर आईवडिलांना घेऊन येणार आहेत. होळीच्या आधी उत्तर हवं म्हणतात. बाबांनी अजून माझं मत विचारलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही. तुझं नाव काढायला माझी ना नाही. पण बाबा वकील आहेत. 'मुलगा चांगला आहे' एवढं त्यांना पुरत नाही, 'कशावरून' हा पुढचा प्रश्न असतो. आत्ता माझ्याकडे त्याचं उत्तर म्हणजे तू आतापर्यंत सोडलेल्या नोकऱ्या.

म्हणून ही टिकव.

स्वराली


अकोट, २२ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वराली,

पेटी कपाटात होती.

लोखंडी कपाटात. कुलूप लावून. किल्ली भाऊच्या करदोट्याले. मी पंधरा-वीस दिवस काठ्यांच्या बॅटऱ्या बदलून राहिलो, कंपनीच्या माणसाचा उद्धार करून राहिलो, अन् पेटी आत साड्या ठेवतात तशी ठेवली होती. वर हळद-कुंकू वाहिलेलं. मी म्हटलं, भाऊ, कावून? तर म्हणे, "अबे पोट्ट्या, महागाची वस्तू हाय. बाहेर ठेवली तं उंदरं खातीन."

मी भडकलो नाही. खरंच. टेबलावरची कापसाची सॅम्पलं खाली पडली, पण ती वाऱ्यानं.

आता पेटी टिनाच्या छपरावर बांबूले बांधली आहे, वर प्लास्टिकची बादली पालथी. सगळ्या काठ्या एकदम बोलायले लागल्या. मले रडू आलं असतं, पण पार्बताबाई जवळ होती. ती गंजीवर कापूस पसरवायचं काम करते अन् कोणाचं काय चाललं आहे यावर नजर ठेवायचंही. ती म्हणे, "कापूस बोलते म्हणते बाप्पा, पोरीनं नाही म्हटलं वाटते याले."

पण हे सुख चार दिवस टिकलं. रोडचं काम चालू आहे, खोदणाऱ्यानं इंटरनेटची केबल तोडली. आता काठ्या पेटीले सांगतात, अन् पेटी हैदराबादले सांगू शकत नाही म्हणून गप्प बसते. गंजी माझ्यासमोर, पेटी माझ्या डोक्यावर, अन् ताप आहे का नाही हे मले समजत नाही.

यशोधन दिसायले कसा आहे? सहज विचारून राहिलो.

कुलदीप


अमरावती, ३० नोव्हेंबर २०२५

कुलदीप,

कपाटाचा किस्सा मी लॅबमध्ये वाचून दाखवला. नाव गाळून. आमचे सर इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

आता केबलचं. तुझी पेटी मुकी आहे, पण बिनडोक नाही. तिच्यात छोटा कॉम्प्युटरच असतो. मग गंजी तापली का, हे ठरवायला हैदराबादला कशाला विचारायचं? तिथंच ठरवू दे. याला आम्ही एज कम्प्युटिंग म्हणतो. नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. जिथे घटना घडते तिथल्या तिथे विचार करायचा, आणि दूर फक्त निकाल कळवायचा. लाइन तुटली तरी पेटीचं डोकं चालू राहतं. जे कळवायचं राहिलं ते ती साठवून ठेवते आणि लाइन आली की पाठवते. धोका असेल तर तुझ्या फोनचीही वाट बघायची नाही. फॅक्टरीत भोंगा असेलच, तो पेटीला जोड.

हे तुला जमेल. कॉलेज सोडलंस तेव्हा सगळ्या वर्गात कोड तुझाच चालायचा, हे मी तोंडावर कधी बोलले नव्हते. आता पत्रात लिहिलं आहे, डोक्यात जाऊ देऊ नकोस.

यशोधन उंच आहे. तूच विचारलंस.

स्वराली


अकोट, ११ डिसेंबर २०२५

प्रिय स्वराली,

'कोड तुझाच चालायचा' ही ओळ मी इतक्यांदा वाचली की कागदाची घडी फाटली.

आता पेटी स्वतः विचार करते. भोंगाही जोडला. कंपनीच्या माणसानं परवानगी दिली, त्यासाठी मले त्याची आधी माफी मागा लागली. मागितली. हे तुझ्या बाबांले पुरावा म्हणून चालेल का पाहा.

आता जे झालं ते ऐक. पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीले बराच वेळ असताना भोंगा वाजला. मी धावत गंजीकडे निघालो, अन् समोरून सगळी फॅक्टरी डबे घेऊन येऊन राहिली. आमच्याकडे भोंगा एकच, अन् तो जेवणाचा. मी ओरडून राहिलो, आग आहे, आग आहे. लोक निंबाखाली बसले, डबे उघडले. एक जण म्हणे, "हाव भाऊ, पोटात आग हायच."

अन् गंजी थंडगार. एकच काठी तापली होती. ती टिनाच्या भिंतीजवळ होती अन् भिंतीच्या पलीकडे दुर्गाबाईची चहाची भट्टी. भाऊ म्हणे, "तुह्या पेटीपायी अर्धा तास गेला. अजून एकदा असं झालं तं पेटी जाईन अन् तूही जाशीन." मी तोंड उघडलं होतं. बंद केलं. तुझी शपथ, बंद केलं.

मग विचार केला. तुमच्याकडे स्थळ आलं की एकाच माणसाच्या सांगण्यावर जात नाहीत ना, शेजारीपाजारी चौकशी करतात. तसंच पेटीले शिकवलं. एक काठी म्हणाली ताप आहे, तर तिच्या दोन शेजारणींले विचार. त्यांलेही ताप जाणवून राहिला असेल तर भोंगा वाजव. त्या नाही म्हणाल्या तर भोंगा नाही, फक्त त्या काठीच्या नावापुढे 'तपासा' लिही. अन् आगीचा भोंगा आता वेगळा, तीनदा तुटक. सगळ्यांले गोळा करून समजावलं. पार्बताबाई म्हणे, "म्हणजे तीनदा वाजला तं डबा नाही आणायचा." म्हटलं, नाही आणायचा.

आता भट्टीजवळची काठी रोज दुपारी बोंबलते अन् कोणी लक्ष देत नाही. फक्त काठ्या दर मिनिटाले आकडा पाठवतात अन् बॅटऱ्या सारख्या संपून राहिल्या.

उंच म्हणजे किती उंच?

कुलदीप


अमरावती, १९ डिसेंबर २०२५

कुलदीप,

शेजारणींची चौकशी माझ्या डोक्यात आली नव्हती. सरांना सांगितलं, ते म्हणाले हा मुलगा कोण. मी म्हटलं, ओळखीचा आहे.

आता बॅटऱ्या सारख्या संपतात म्हणालास ते सांगते. तुझ्या काठ्या दर मिनिटाला तोच आकडा पुन्हा पुन्हा पाठवतात, सगळी शक्ती त्यात जाते. आणि सगळ्या एकदम बोलल्या की एकमेकींचं बोलणं कापतात. तेव्हा त्यांना शिस्त लाव. काही बदल झाला असेल तरच कळवायचं, नाहीतर गप्प राहायचं. हे खरं तर सगळ्यांनाच लागू आहे.

यशोधन आणि त्याच्या घरचे अठरा जानेवारीला येत आहेत. आई आत्तापासून पोह्यांची चर्चा करते. आत्या अकोटहून येणार आहे. मला झोप कमी आणि परीक्षा जास्त आहे.

स्वराली


अमरावती, २३ जानेवारी २०२६

कुलदीप,

महिना झाला, तुझं पत्र नाही. संक्रांतीला तिळगूळ पाकिटात घालून पाठवला, त्याचीही पोच नाही. मी दोन अंदाज केले आहेत. एक, तू नोकरी सोडलीस आणि सांगायला घाबरतोस. दोन, यशोधनचं ऐकून रुसलास. तिसराही एक अंदाज आहे, तो लिहिणार नाही.

ते येऊन गेले. माणूस चांगला आहे. फार बोलत नाही, मी काय शिकते ते त्याने विचारलं आणि ऐकूनही घेतलं. आत्या म्हणाली, याच्यात नाव ठेवायला काही नाही. खरंच नाही. तेच अवघड आहे.

होळी तीन मार्चला आहे. बाबा विचारतील तेव्हा मी काय सांगू?

कसा आहेस एवढं तरी लिही.

स्वराली


अकोट, २८ जानेवारी २०२६

स्वराली,

मी ठीक आहे, नोकरी ठीक आहे, तिळगूळ खाल्ला. बदल काही नव्हता म्हणून लिहिलं नाही. तूच लिहिलं होतं ना, बदल झाला तरच कळवायचं, सगळ्यांनाच लागू आहे. म्हटलं, आपल्यालेच टोमणा आहे. पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकलं मी आयुष्यात. रोज पत्र लिहायचो अन् रोज खिशात ठेवायचो. शर्टाचा खिसा फुगला तर पार्बताबाई म्हणे, पगारवाढ झाली का.

अन् तुझं पत्र वाचता वाचता मले काठ्या आठवल्या. तू महिनाभर मी गप्प म्हणून काय काय समजली. मी काठ्या गप्प म्हणून सगळं थंड आहे समजून राहिलो होतो. उठलो अन् गंजीवर गेलो. मोठ्या गंजीच्या मधली काठी मेलेली. बॅटरीत पाणी गेलं होतं. कधीपासून, देव जाणे. गप्प काठी ठीक आहे का मेली आहे, हे पेटीले कळायचा रस्ताच मी ठेवला नव्हता.

आता हजेरी लावली. बदल असो-नसो, प्रत्येक काठीनं तासाले एकदा 'आहे' म्हणायचं. नाही म्हटलं तर पेटी माझ्या नावानं बोंबलते. मेलेली काठी बदलली. मलेही तोच नियम. आठवड्याले एक पत्र, काही नसलं तरी.

यशोधनबद्दल तू जे लिहिलं ते वाचलं. मले राग आला पाहिजे होता. आला नाही, म्हणून जास्त भेव वाटून राहिलं. बाबांनी विचारलं तर तुले जे खरं वाटते ते सांग. हंगाम संपायले महिना-दीड महिना राहिला आहे, अन् मी अजून इथंच आहे.

आहे.

कुलदीप


अकोट, ६ फेब्रुवारी २०२६

स्वराली,

नोकरी गेली. अट मोडली. आता सविस्तर.

काल भाऊच्या नव्या मशीनची पूजा होती. मांडव, भटजी, अकोल्याचे अन् गुजरातचे व्यापारी, माइक. मांडववाल्यानं माइकसाठी वायर ओढताना आमची केबल उपटली, म्हणजे इंटरनेट नाही. भटजी कथा सांगून राहिले होते अन् मधेच भोंगा वाजला. तीनदा, तुटक.

भटजी थांबले. एका व्यापाऱ्याले वाटलं हा पूजेचाच भाग आहे, त्यानं हात जोडले. भाऊ माझ्याकडे पाहून म्हणे, "बंद कर थे." मी पेटी पाहिली. मोठ्या गंजीची मधली काठी ताप सांगून राहिली होती अन् दोन्ही शेजारणी हो म्हणून राहिल्या होत्या. मी म्हटलं, भाऊ, गंजी उघडा लागते. तर म्हणे, "पाहुण्यासमोर नाटक नको. पूजेच्या दिवशी आगीचं नाव घेते बे. बंद कर, नाही तं निंघ."

मले तुझं 'ही टिकव' आठवलं. पाणी प्यालो. तोंडातल्या तोंडात आकडे मोजले. मग म्हटलं, "भाऊ, तुमच्या डोक्यात सरकी भरली हाय."

माइक चालू होता.

भाऊ म्हणे, निंघ. मी म्हटलं, निंघतो, पण गंजी उघडून निंघतो. कापूस ओढायचं दाताळं घेऊन वर चढलो. पार्बताबाई खालून म्हणे, "पोरा, आता तं नोकरी गेलीच, उतरून प्रसाद तरी खा." मी ओढत राहिलो. वरचा कापूस पांढरा, खालचा पिवळट, मग एकदम चहाच्या रंगाचा, अन् मग धूर. मग कोणाले बोलावं नाही लागलं. स्वयंपाकाच्या पाण्याचे ड्रम आले, पाहुणेही बाह्या सरसावून आले, भटजींनी धोतर खोचलं. तापलेला भाग बाहेर काढून पसरवला, भिजवला. बाकी गंजी वाचली, कोणाले चटका नाही.

मी काळा होऊन खाली उतरलो तर भाऊ समोर. वाटलं, आता काही चांगलं बोलेल. म्हणे, "तू अजून हायच इथं?"

म्हणून आता अंजनगावले घरी आहे, तिथूनच लिहून राहिलो. वर अकोट लिहिलं ते सवयीनं.

तू यशोधनले हो म्हण. तो चांगला आहे, उंच आहे, माइकसमोर मालकाले असं बोलणार नाही. मी त्याले काही करणार नाही. लग्नाले येईन, वाढायले उभा राहीन. नाही, वाढायले नाही उभा राहणार. येणारही नाही. पण काही करणार नाही, हे खरं.

कुलदीप


अमरावती, १० फेब्रुवारी २०२६

कुलदीप,

तुझं पत्र आज दुपारी आलं. पण बाबांशी मी परवाच बोलले होते. तू अजून अकोटमध्ये काठ्यांची हजेरी घेत असशील असं समजून. होळीची वाट बघायची, तुझा हंगाम संपायची वाट बघायची, आणि मग ठरवायचं, हे मला एकदम पटेनासं झालं. मला काय हवं आहे हे मला इथे बसून माहीत होतं.

बाबा पेपर वाचत होते. मी म्हटलं, बाबा, एक मुलगा आहे. ते म्हणाले, काय करतो. मी म्हटलं, कापसाचा ताप मोजतो. ते म्हणाले, डॉक्टर आहे का. मी सगळं सांगितलं. कॉलेज सोडलं हे आधी सांगितलं, कारण ते त्यांनी शोधून काढलंच असतं. बाबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "आणि यशोधनमध्ये काय वाईट आहे?" मी म्हटलं, काही नाही, पण त्याचं पत्र महिनाभर आलं नसतं तर मला कळलंही नसतं.

यशोधनला मी स्वतः फोन करून नकार कळवला. त्याने शांतपणे कारण विचारलं. मी म्हटलं, कारण अकोटला आहे. म्हणाला, ठीक आहे. खरंच चांगला माणूस आहे.

मग आज तुझं पत्र आलं, नोकरी गेल्याचं. लपवता आलं असतं. आईने तर तेच सुचवलं. मी ते बाबांना वाचून दाखवलं, सरकीसकट. बाबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "माइक चालू होता?" मी हो म्हटलं. ते उठून आत गेले. मला वाटलं, झालं आता. आतून हसण्याचा आवाज आला. बाबांना असं हसताना मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा चेहरा पुन्हा कोर्टातला होता. म्हणाले, "हो म्हणत नाही. पण बोलाव."

अटीचं म्हणशील तर मी तिच्यावर खूप विचार केला. नोकरी टिकवायला तू गप्प बसला असतास आणि गंजी जळाली असती, तर मी कुठल्या तोंडाने बाबांपुढे तुझं नाव काढलं असतं? अट चुकीची होती. ती मी घातली होती, तेव्हा मागेही मीच घेते.

नोकरीची फार काळजी करू नकोस. पेटीचा पासवर्ड तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही ना? मग किसनरावांचा माणूस अंजनगावात तुझं घर विचारत फिरत असेल. आला तर त्याला उन्हात उभा करू नकोस.

रविवारी सकाळी ये. आंघोळ करून ये, धुराचा वास जात नाही लवकर. बाबा उलटतपासणी घेतील, एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारतील आणि तुला राग येईल. आला तर येऊ दे, पण बसून बोल, खुर्ची मागे सारून उभा राहू नकोस. पोहे आई करणार आहे. मी स्वयंपाकघरात नसणार. बाबा समोर बसतील, आत्या दाराशी. मी तुझ्या बाजूच्या खुर्चीत बसणार आहे.

स्वराली